बत्तीस शेजारी आणि एक जीभ

हे वाचता वाचता क्षणभर थांबा आणि सांगा पाहू, या घटकेला तुमची जीभ तोंडात कोठे आहे?

बहुतेकांना चटकन सांगता येणार नाही. एवढेच नव्हे, तर इतका वेळ स्वस्थ असलेली जीभ, वर्गात डिपोटीसाहेब शिरताच पोरे करतात तशी चुळबुळ करू लागेल. कधी खालच्या दातांवरून फिरून येईल, कधी गालाला ढुशी देईल. हात कोठे आहेत, पाय कोठे आहेत, हे आपल्याला न पाहता सांगता येते. पण जन्मभर सोबत करणारी जीभ रिकाम्या वेळी कोठे बसते याची चौकशी आपण कधी केलेली नसते. ती का करावी, आणि दात पडण्याशी तिचा संबंध काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथमच सांगून टाकतो की, मी दंतवैद्य नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या गावी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मी एक मास्तर. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावे मी हजारदा फळ्यावर लिहिली. जिभेशी माझा परिचय तेवढाच. तो वाढला आमच्या आत्याच्या कवळीमुळे. त्या निमित्ताने दंतवैद्यांकडे हेलपाटे झाले, प्रश्न विचारले, पुस्तके चाळली. आणि जे कळले ते इतके घरोघरचे निघाले, की दिवाळीच्या निवांतपणी ते आपल्या कानांवर घालावे असे वाटले.

जिभेचे घर

ओठ अलगद मिटा. नाकाने श्वास घ्या. एक आवंढा गिळा आणि मग मनातल्या मनात 'न' हे अक्षर म्हणून जीभ तेथेच राहू द्या. व्याकरणात 'न' दंत्य म्हटला असला, तरी जिभेचे टोक प्रत्यक्ष दातांना न लागता त्यांच्या किंचित वर, मागच्या बाजूच्या खडबडीत उंचवट्याला टेकलेले आढळेल. जिभेचा बाकीचा भाग टाळूला सैलपणे लागलेला असतो. वरचे आणि खालचे दात या वेळी एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यात दोनतीन मिलिमीटरांची फट असते. दात शाबूत असलेल्या, नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या जिभेचे हे सर्वसाधारण घर. काम संपले की ती तेथे परत येते आणि कोणावर न रेलता बसून राहते.

मौज अशी की, आपल्याकडील योग्यांनी ही जागा फार पूर्वी हेरून ठेवलेली आहे. हठयोगप्रदीपिकेत पद्मासनाचे वर्णन करताना जिभेचे टोक राजदंतांच्या मुळाशी टेकवावे असे सांगितले आहे. त्यांचा हेतू वेगळा होता. तरी स्थिर बसायचे तर जिभेलाही बसायला जागा हवी, हे त्यांच्या ध्यानात आले होते खास.

तुलसीदासांच्या रामचरितमानसात बिभीषण हनुमंताला आपली लंकेतील अवस्था सांगताना दातांच्या गराड्यात राहणाऱ्या जिभेची उपमा देतो. उपमा सुंदर आहे. पण खऱ्या तोंडातील जीभ इतकी गरीब नाही. आठ प्रकारच्या स्नायूंनी ती बनलेली आहे, आणि तिच्या शेजाऱ्यांना तिला वचकूनच राहावे लागते.

आत जीभ, बाहेर ओठ

दात म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. जाडीला जेमतेम पाव मिलिमीटर. या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. भोवतालचे हाडही दगडासारखे मेलेले नसते. एका बाजूने सतत हलका दाब येत राहिला, तर पलीकडच्या बाजूचे हाड विरते, अलीकडे नवे हाड भरते आणि दात हळूहळू सरकतो. मुलांच्या वाकड्या दातांना तारा बसवून सरळ करतात, ते याच गुणाच्या जोरावर.

मग तारा नसताना दात आपापल्या जागी का राहतात? चार्ल्स टोम्स या इंग्रज दंतशास्त्रज्ञाने १८७३ साली याचे उत्तर दिले: आतून जीभ आणि बाहेरून ओठ व गाल, या दोहोंच्या दाबामध्ये दात उभे असतात. 'आपलेच दात, आपलेच ओठ' ही म्हण आपण घरातल्या भांडणासाठी वापरतो. दंतशास्त्रात ती शब्दशः खरी आहे.

शंभर वर्षांनी, १९७८ साली, विल्यम प्रॉफिट या अमेरिकन दंततज्ज्ञाने हा विचार पुन्हा तपासला. त्याचे दोन मुद्दे मला मास्तर म्हणून फार पटले. पहिला मुद्दा हिशेबाचा आहे. गिळताना जीभ दातांवर जोर करते, म्हणून गिळण्याची खोड वाईट असली की दात पुढे येतात, असे पुष्कळजण म्हणत. पण आपण दिवसाकाठी फार तर हजार वेळा गिळतो, आणि प्रत्येक वेळी दाब टिकतो सुमारे एक सेकंद. म्हणजे चोवीस तासांत हजार सेकंद. सतरा मिनिटेसुद्धा पुरी नाहीत. दात सरकायला मात्र रोज कित्येक तास, सुमारे सहा तास तरी, दाब लागतो. तेव्हा गिळण्यापेक्षा, काही न करता बसलेली असताना जीभ कोठे असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आमच्या भागात वेचणी झाली की पूर्वी घराघरातून खोलीभर कापूस भरून ठेवीत. कापसाइतके मऊ काही नाही. पण महिनाभर तो टेकून राहिला की फळ्यांच्या पडदीलाही पोक येई. जिभेचे तसेच आहे.

दुसरा मुद्दा असा, की आतला आणि बाहेरचा दाब तराजूत घातल्यासारखा सारखा नसतो. जिभेचे पारडे बहुधा जड असते. तरीही दात ढळत नाहीत, कारण मुळाभोवतीचे ते तंतू थोडा फरक सांभाळून घेतात. हिरड्यांच्या रोगाने हे तंतू आणि हाड झिजू लागले, की सांभाळणारा कोणी उरत नाही. चाळिशीपन्नाशीनंतर कित्येकांचे वरचे पुढचे दात पंख्यासारखे फाकतात, मधे फटी पडतात. 'पूर्वी माझे दात असे नव्हते हो,' असे ती माणसे सांगतात आणि ते खरेच असते. जीभ तीच, तिचा दाब तोच. खाली पाया राहिलेला नसतो.

एक दात पडतो तेव्हा

सहासात वर्षांच्या मुलाचे पुढचे दुधाचे दात पडले की त्याची जीभ सारखी त्या खिंडारात शिरते. शाळेत 'दादा' म्हणायला सांगितले तर जिभेचे टोक बाहेर डोकावून जाते आणि सारा वर्ग हसतो. त्याची चिंता करण्याचे कारण नसते. नवे दात आले की बहुतेक मुलांची जीभ आपोआप मागे जाते.

मोठेपणी दात पडला म्हणजे नवा येत नाही. तेव्हा जिभेला मागे सारणारेही कोणी नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली मोठी दाढ पुष्कळदा सर्वांत आधी किडते आणि सर्वांत आधी काढली जाते. 'एक दाढ गेली तर काय बिघडले? मागची आहे की चावायला!' असे म्हणून माणूस घरी येतो. इकडे तोंडात हालचाल सुरू होते. मागची दाढ पुढे कलू लागते. समोरच्या जबड्यातली दाढ, अडवणारे कोणी नाही असे पाहून, फटीच्या दिशेने उतरू लागते. जिभेची कड त्या फटीत जाऊन बसते. एखाद्या मोकळ्या प्लॉटवर दोन्हीकडचे शेजारी हळूहळू कुंपण सरकवतात ना, त्यातला हा प्रकार. पाचसात वर्षांनी दात बसवायचे मनात आले, तर दंतवैद्य म्हणतात, 'जागाच उरली नाही.'

वरवर पाहता प्रश्न चावण्याचा असतो. खरा प्रश्न शेजाराचा असतो. एक दात जातो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे, समोरचा आणि जीभ, या सगळ्यांचे बसणे बदलते. म्हणून फट भरायची ती शक्य तितकी लवकर भरावी.

आत्याची कवळी

आता आत्याची गोष्ट सांगतो. जळक्या तंबाखूच्या मिसरीने दात घासायची तिची जन्माची सवय. दात किडले नाहीत, पण हिरड्या झिजल्या. आणि सत्तरीपर्यंत एकेक करून सगळे दात हलून निघाले. त्यानंतर सहा वर्षे ती बोळक्या तोंडाने राहिली. भाकरी वरणात कुस्करायची आणि जीभ टाळूवर दाबून तिचा लगदा करायचा, ही विद्या तिने साध्य केली होती. त्यामुळे उपाशी ती राहिली नाही. घरच्यांनीही म्हटले, वय झाले, चालायचेच.

पण तिचे एक काम बंद पडले. श्रावणात आमच्या ओटीवर ती पोथी वाचीत असे आणि आळीतल्या बायका ऐकायला येत. एका श्रावणात तिने पोथी सोडलीच नाही. कारण विचारले तर म्हणाली, "मले नाई जमत आता, बापू. शब्द तोंडातल्या तोंडातच घसरते." हळूहळू ती चारचौघांत बोलेनाशी झाली. पाहुणे आले की आत जाऊन बसे. आत्याची आठवण गेली, असे घरातल्या एकदोघांनी ठरवूनही टाकले होते.

मी तिला एकदा समोर बसवून मुळाक्षरे म्हणवून घेतली. जुन्या मास्तराला दुसरे काय सुचणार? 'क ख ग घ' स्वच्छ आले, कारण ते कंठातून येतात. 'प ब म' आले. त्यांना ओठ पुरतात. 'ट ठ ड ढ'ही बरेचसे आले. अडखळली ती 'त थ द ध'पाशी आणि 'स'पाशी. सर्वांत वाईट अवस्था 'चमचा', 'जहाज', 'झरा' या शब्दांतील च, ज, झ यांची झाली. मराठीत च दोन प्रकारचा: 'चिंच'मधला तालव्य आणि 'चमचा'मधला दंततालव्य. हा दुसरा च दातांच्या आधारावर उभा असतो. दात गेले की तो पडलाच. आठवण गेली नव्हती. जिभेला टेकायला भिंत राहिली नव्हती.

मग कवळी केली. वरची चांगली बसली. खालचीने मात्र छळ मांडला. "वरची गुणाची हाय, पण खालची तर तोंडात फुगडी खेळते," असे आत्या म्हणे. महिन्याभरात दोन्ही कवळ्या एका स्टीलच्या डबीत गेल्या आणि डबी कपाटात, जुन्या बांगड्यांच्या शेजारी.

खालची कवळी का नाचते

हे दुःख एकट्या आत्याचे नाही. खालच्या कवळीची तक्रार साऱ्या जगात आहे, आणि तिला कारणेही तशीच आहेत.

दात गेले की त्यांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. आंत्ये टालग्रेन या विदुषीने कवळी लावणाऱ्या माणसांच्या जबड्यांची पंचवीस वर्षांपर्यंतची मोजमापे १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यांत झीज वर्षानुवर्षे चालूच राहिलेली दिसली, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट भरली. शिवाय वरच्या कवळीला सबंध टाळूचा आधार असतो. ओल्या काचेवर काच चिकटावी तशी ती चिकटते. खालच्या कवळीला टेकायला जागा जवळजवळ निम्मी, तीही नालाच्या आकाराची आणि मध्यभागी अखंड हलणारी जीभ.

ही जीभसुद्धा पूर्वीची राहिलेली नसते. दातांची भिंत गेल्यावर ती दोन्ही बाजूंना पसरते, चपटी होते. आरशात पाहिले तर आकाराने वाढल्यासारखी दिसते. कित्येक म्हाताऱ्या माणसांची जीभ खाली उतरून मागे खेचलेली राहते. बोळक्या तोंडात सहा वर्षे ऐसपैस नांदल्यावर एके दिवशी तिच्या दोन्ही अंगांना कवळीची भिंत उभी राहते. ती ढकलणार नाही तर काय करील?

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अधिकारावर आला, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही नुसती दंतकथा; त्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसांचे दात आणि धातू यांच्या होत्या, आणि त्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांना स्प्रिंगा बसवलेल्या असत. या स्प्रिंगा जबडे उघडू पाहत आणि त्याला ते दाबून धरावे लागत. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात तोंड बोळा भरल्यासारखे दिसते. तेव्हा कवळीपुढे हात टेकणाऱ्यांनी आपण एकटेच आहोत असे समजू नये.

जिभेला नवे घर

आत्याला घेऊन मी चाळीसएक किलोमीटरवर यवतमाळला गेलो. तेथील एका तरुण दंतवैद्यबाईंनी कवळी हातात घेण्यापूर्वी तिला तोंड अर्धवट उघडायला सांगितले आणि नुसते पाहत राहिल्या.

"आजी, जीभ एवढी मागे का ओढून धरता?"

"मी कायले ओढू? ते आपोआपच जाते मांगं."

"तेच होतंय बघा. जीभ मागे गेली की तिच्या खालची जागा ताणली जाते, कवळीच्या कडेने हवा शिरते आणि कवळी उठते. आता जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या पाठीला अलगद लावा. जोर नाही करायचा. शेजारी बसल्यासारखं बसायचं."

मी लगेच विचारले, की जिभेचे घर तर वर टाळूपाशी असते ना? त्या हसल्या. "ते तुमच्या तोंडात, सर. तुमचे दात हाडात रोवलेले आहेत. आजींची खालची कवळी नुसती ठेवलेली आहे. तिला सोबत लागते." म्हणजे दात असताना जिभेचे विश्रांतीचे स्थान एक, आणि खालची पूर्ण कवळी लावल्यावर शिकायचे स्थान दुसरे. इतकी साधी गोष्ट. पण ती न सांगितल्यामुळे किती कवळ्या डब्यांत पडून असतील!

बाईंनी जुनी कवळी ठेवून घेतली आणि नवी करायला घेतली. या वेळी त्यांनी मऊ पदार्थ तोंडात ठेवून आत्याला पाणी गिळायला, ओठ हलवायला, बोलायला लावले. जीभ आणि गाल यांनी दोन्ही बाजूंनी दाबून त्या पदार्थाला जो आकार दिला, तीच कृत्रिम दातांची जागा. जीभ आणि गाल यांचा दाब जेथे एकमेकांना तोलतो, त्या पट्टीतच दात बसवावेत, हा विचार इंग्लंडात विल्फ्रेड फिश याने १९३०च्या दशकात मांडला होता. टोम्सने खऱ्या दातांबद्दल जे सांगितले, तेच येथे खोट्या दातांना लागू झाले.

घरी आल्यावर अभ्यास माझ्याकडे आला. रोज सकाळी दहा मिनिटे आत्या जीभ खालच्या दातांना टेकवून बसायची आणि मग मोठ्याने अंक म्हणायची. साठापासून सत्तरापर्यंतचे अंक यासाठी उत्तम. 'सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट' यांच्याइतकी जिभेची परीक्षा दुसरे शब्द घेत नाहीत. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघेही हसून बेजार झालो. खाण्यात आधी मऊ भात, मग पोळीचे बारीक तुकडे, आणि घास दोन्ही बाजूंनी चावायचा, म्हणजे कवळी एका अंगाला कलंडत नाही. एका ठिकाणी हिरडीला टोचले, तेव्हा तिने पुन्हा डबी मागितली. त्याऐवजी आम्ही यवतमाळची एसटी धरली आणि कवळी घासून घेतली. दीडदोन महिने गेले.

पुढच्या श्रावणात आत्या ओटीवर बसली. आवाज पूर्वीचा नव्हता. जोडाक्षरापाशी ती थांबे, जीभ जागेवर आहे याची खात्री करी आणि मग पुढे जाई. रोज चारपाच ओव्याच होत. पण शेवटी पायरीवर बसलेल्या बाईलाही ऐकू जात होते. आणि घरात तिच्या आठवणीबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही.

खरे किती, खूळ किती

आमचा नातू पुण्याला शिकतो. सुटीत आला की जीभ टाळूला गच्च दाबून आरशापुढे उभा राहतो. जॉन म्यू या इंग्रज दंतवैद्याच्या नावावरून निघालेला हा 'म्यूइंग'चा प्रकार मोबाइलवर फार पसरला आहे. जीभ टाळूला दाबल्याने जबडा रेखीव होतो असे त्यात सांगतात. वाढ पुरी झालेल्या माणसाच्या चेहऱ्याचे हाड अशा दाबण्याने बदलते, हे सिद्ध झालेले नाही. जिभेने टाळूवर बसावे ते सैलपणे. तेथे दंडबैठका काढण्याचे कारण नाही.

तसेच जीभ चुकीच्या जागी बसल्यामुळे धडधाकट दात पडतात, असेही कोणी समजू नये. दात जातात ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने. जीभ त्यांना ढकलते ती पाया ढिला झाल्यावर. हा पाया ढिला करणाऱ्या गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत: घाण साचू देणे, ताब्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू. आमच्या विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेली ही पुडी शाळकरी पोरांच्या खिशातसुद्धा सापडते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा पानठेल्यावरून हटलेला नाही. त्यातल्या सुपारीने तोंडातील आवरण आतून जून होत जाते, गाल ताठरतात, तोंड दोन बोटेही उघडेनासे होते आणि पुढे जीभही बाहेर काढता येत नाही. अशा तोंडात कवळीचे माप घेणेही दुरापास्त. आणि कर्करोगाचा धोका आहेच.

एक गोष्ट आईबापांसाठी. मूल झोपेत आणि जागेपणीही तोंड उघडे ठेवत असेल, तर त्याला 'तोंड मीट' म्हणून दटावू नका. आधी त्याचे नाक तपासून घ्या. नाक चोंदले की श्वासाला वाट देण्यासाठी जीभ टाळू सोडून खाली उतरते. एगिल हार्वल्ड या शास्त्रज्ञाने माकडांची नाके बंद करून प्रयोग केले. तेव्हा त्या माकडांनी जबडा आणि जीभ वेगवेगळ्या तऱ्हेने ठेवायला सुरुवात केली आणि ज्याची जशी तऱ्हा तसे त्याचे दात बदलले. मुलाचे नाक मोकळे झाले म्हणजे जिभेला घरी परतण्याची वाट मिळते.

या दिवाळीत एवढे कराच

आमच्या लहानपणी दात दुखला की बाजाराच्या दिवशी चिमटेवाला गाठीत. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय निघाले ते १९६८ साली. दारव्ह्याहून तेथे पोहोचायचे तर कापसासाठी घातलेल्या अरुंद रुळांच्या शकुंतला गाडीने मूर्तिजापूर गाठून मोठ्या गाडीची वाट पाहायची. दाताच्या फटीसाठी एवढा प्रवास कोण करणार? तेव्हाच्या माणसांनी दात काढून टाकले आणि बोळक्या तोंडाने दिवस काढले, यात त्यांना बोल लावता येणार नाही. आज तालुक्याच्या गावीही दंतवैद्य आहेत. फट भरण्यासाठी शेजारच्या दातांवर आधारलेला पूल आहे, काढघाल करण्याची कवळी आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात टिटॅनियमचे खुंट बसवले, तेव्हापासून तोही मार्ग खुला झाला. दात नसलेल्या खालच्या जबड्यात असे दोन खुंट बसवून त्यांवर कवळी अडकवावी, अशी शिफारस कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ साली केली. ते सर्वांच्या खिशाला परवडेल असे नाही. पण नीट केलेली साधी कवळी आणि शिकवलेली जीभ यांवरही पुष्कळ निभावते, हे आमच्या घरी आम्ही पाहिले.

तेव्हा घरातील कर्त्या मंडळींना माझी विनंती. फराळाचे ताट पुढे येते तेव्हा आजी-आजोबांच्या वाट्याला आपण पोह्यांचा चिवडा दुधात भिजवून देतो आणि सेवा केल्याचे समाधान मानतो. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण त्यांनी स्वतःवर करून घेतलेली थट्टा असते. तिच्यावर आपण हसून मोकळे होऊ नये. त्यांची कवळी कोठे आहे ते विचारा. ती कपाटातल्या डबीत असेल, तर का आहे ते विचारा. टोचते का, उठते का, बोलताना वाजते का, जीभ कोठे ठेवता, हे एकदा जवळ बसून ऐकून घ्या आणि पाडव्यानंतर दंतवैद्याकडे घेऊन जा. रात्री झोपताना कवळी काढून, धुऊन, पाण्यात ठेवायची हेही त्यांना कोणी सांगितलेले नसेल, तर सांगा. आणि तुमचा स्वतःचा एखादा दात पडून वर्ष उलटले असेल, तर आपलाही नंबर त्याच दिवशी लावा.

आत्या आता एक्याऐंशीची आहे. चकली तिला अजून चावत नाही. ती चहात बुडवून खाते. पण परवा नातसुनेने चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारले, तेव्हा 'चण्याची डाळ किती, उडदाची किती, जिरे किती' हे सारे तिने स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात सांगितले, आणि त्यातला एकही च घसरला नाही.